एक बॅटरी, दोन मोटारी आणि घाटाच्या पायऱ्या

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीवर बोलले गेले, नाट्यसंगीतावर बोलले गेले, मधुमेहावर तर तीनदा बोलले गेले. परंतु एका खेळण्यातल्या गाडीवर भाषण करण्याचा पहिला मान आमच्याकडे यावा, याचे आम्हांस स्वतःलाच आश्चर्य वाटत आहे. आम्ही इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि पुढची एकतीस वर्षे केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीत घालविली. विजेशी आमचा संबंध दिवा लावणे, दिवा मालविणे आणि बिल भरणे एवढाच. तरीही कार्तिकात दुर्गाघाटावर जो गोंधळ उडाला, त्याच्या वार्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या कानी आल्या आहेत, आणि त्या कानोकानी बऱ्याच वाढल्याही आहेत. 'झाले ते सविस्तर सांगून टाका,' अशी चिटणिसांची आज्ञा झाली, म्हणून हा प्रपंच.

प्रथम वस्तूची ओळख. रेडिओलहरींनी दुरून चालविण्याच्या गाड्यांत 'क्रॉलर' नावाची एक जात आहे. तिला वेगाशी कर्तव्य नाही. खडकावर, ओंडक्यावर, दगडधोंड्यांतून मुंगीच्या पावलांनी चढणे, हेच तिचे काम. आमच्या घरची गाडी खऱ्या गाडीच्या एकदशांश प्रमाणाची, वजनाने अडीच किलोच्या आसपास, आणि चाके साडेपाच इंच व्यासाची. सामान्यतः अशा गाडीत मधोमध एक मोटार असते आणि लांब दांड्यांनी तिची शक्ती पुढच्या व मागच्या आसांना पोचविली जाते. आमच्या गाडीत ती मधली दांडीच नाही. प्रत्येक आसावर स्वतंत्र मोटार बसविलेली. त्यामुळे वजन जमिनीलगत राहते आणि गाडी सहसा उलटत नाही. मात्र एका बॅटरीवर दोन मोटारींचा संसार चालवावा लागतो, आणि नोकरीनिमित्त दोन गावी दोन बिऱ्हाडे ज्यांनी चालविली आहेत, त्यांना यातली अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

ही गाडी आमच्या कन्येची. ती अकरावीत आहे. बदल्यांमुळे तिचे शिक्षण तीन राज्यांत झाले. मराठी घरात बोलण्यापुरती, लिहिण्याचा प्रसंग जवळजवळ नाहीच. काशीला आल्यावर तिने घाट पाहिले आणि म्हणाली, "बाबा, माझी गाडी ह्या पायऱ्या चढली पाहिजे." आम्ही तिला अहल्याबाईंचा घाट दाखविला, भोसल्यांचा दाखविला, शिंद्यांचा दाखविला, ही चुनारची दगडकामे कोणी करविली ते सांगितले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि पायरीची उंची मोजली. ती वीतभर भरली.

मोटारी निवडताना पहिला धडा मिळाला. मोटारीतील तारेचे फेरे जितके अधिक, तितकी ती सावकाश फिरते आणि तेवढ्याच विद्युतप्रवाहात अधिक पीळ देते. शर्यतीच्या गाडीला थोडे फेरे लागतात, चढणाऱ्या गाडीला पुष्कळ. आम्ही पंचावन्न फेऱ्यांच्या दोन मोटारी घेतल्या. प्रत्येकीच्या दोन टोकांमध्ये एक, आणि प्रत्येक टोकापासून तिच्या लोखंडी डब्यापर्यंत एकेक, असे तीन बारीक कपॅसिटर झाळून घेतले. ज्यांच्यावर '१०४' असा आकडा असतो, तेच. मोटारीत कार्बनचे ब्रश ठिणग्या पाडतात. त्यांचा गोंगाट रेडिओच्या कानात जाऊ नये म्हणून ही तजवीज. पहिल्याच चाचणीत, एक मोटार दुसरीच्या उलट तोंडाने बसविलेली असल्याने, गाडीचा अर्धा भाग पूर्वेस आणि अर्धा पश्चिमेस निघाला. खात्याखात्यांतील समन्वयाची आम्हांस तीव्र आठवण झाली. एका मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल करताच भांडण मिटले.

आता बॅटरीची वीज मोटारींना मापून देणारा एक कारकून लागतो. त्याला गतिनियंत्रक म्हणू. हा बॅटरी क्षणात हजारो वेळा जोडतो आणि तोडतो. जोडलेला काळ जास्त तर वेग जास्त. आम्ही हिशेबतपासनीस, एका नियंत्रकात भागत असताना दुसऱ्याचा खर्च कशाला, अशी हरकत घेतली. दोन्ही मोटारी एकामागे एक, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत 'एकसर', जोडल्या. अंगणातल्या विटांच्या ढिगाऱ्यावर गाडी चढू लागली. पुढची चाके हवेत तरंगली तशी ती गरगर फिरू लागली, आणि ज्या मागच्या चाकांनी गाडी ढकलावयाची ती जागच्या जागी स्वस्थ बसली. खटका कितीही दाबला तरी बेकार चाक अधिक जोरात फिरे, कामाचे चाक हले ना.

याचे उत्तर मिळाले ते मंडळातील एका वडीलधाऱ्या सभासदांकडून. त्यांची सारी हयात येथील डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात गेली. मुले त्यांना डिझेलकाका म्हणतात. ज्या कारखान्यातून १९६४ साली पहिले इंजिन बाहेर पडले, ज्याला गावात 'डीरेका' म्हणत आणि २०२० मध्ये नाव बदलल्यापासून 'बरेका' म्हणतात, तोच हा. काकांनी ढिगाऱ्याकडे एकवार पाहिले आणि हसले. "अहो साहेब, फिरणारी मोटार स्वतःच उलटा दाब उत्पन्न करते. मोकळी मोटार भरधाव फिरते, म्हणजे बॅटरीचा सगळा दाब तीच अडवून बसते. एकसर जोडणीत दोघींतून प्रवाह एकच. मोकळीने तो रोडावला की अडकलेलीच्या वाट्याला काय उरणार?"

"मग तुमच्या इंजिनात काय करीत होता?" आम्ही विचारले.

पुढचा अर्धा तास काकांनी जे सांगितले, ते आमच्या दृष्टीने या सबंध उद्योगातील सर्वांत मोठी प्राप्ती होती. डिझेल इंजिन चाके फिरवीतच नाही, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? ते फक्त जनित्र फिरविते. जनित्राची वीज सहा आसांवरच्या सहा मोटारींना जाते, आणि चाके फिरवितात त्या मोटारी. म्हणजे ते एक चालते वीजघरच. जुन्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनांत गाडी सुटताना दोन-दोन मोटारींच्या तीन जोड्या करीत. जनित्राच्या प्रवाहाचे सहाऐवजी तीनच वाटे पडल्याने प्रत्येक मोटारीस दुप्पट प्रवाह मिळे आणि जड गाडी हलविण्यास लागणारा जोर येई. वेग आला, मोटारींचा उलटा दाब वाढला, की सहाही जणींना समांतर जोडून देत. "पण आमच्या चाकांवर शंभर टनांहून अधिक बोजा होता," काका म्हणाले, "चाक सहजासहजी मोकळे होत नसे, आणि घसरलेच तर ओळखणारा रिले होता. तुमचे चाक दर मिनिटाला हवेत लटकते. तुम्हांला समांतरच पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे, प्रत्येकीचा वेगळा नियंत्रक."

समांतर जोडणीत दोघींनाही बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. मोकळी मोटार थोडाच प्रवाह घेते, अडकलेली आपल्या गरजेइतका ओढते. आणि नियंत्रक दोन असले म्हणजे मागची चाके जखडून ठेवून पुढची तेवढी फिरविता येतात, गाडी जागच्या जागी वळते. त्यासाठी हातातल्या ट्रान्समीटरला सुकाणू आणि वेग यांखेरीज तिसरी वाहिनी असावी लागते. आम्ही हरकत मागे घेतली व दुसरा नियंत्रक मंजूर केला.

रेडिओचा भाग आता सोपा झाला आहे. पूर्वी प्रत्येक गाडीला वेगळा स्फटिक बसवावा लागे, नाहीतर एकाच्या खटक्याने दुसऱ्याची गाडी पळे. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपापल्या ट्रान्समीटरलाच ओळखतात. या लहरीचा चौथा हिस्सा ३१ मिलिमीटर भरतो. म्हणून रिसीव्हरच्या तारेचे उघडे टोक तेवढेच असते. ते कापू नये. रिसीव्हर प्रत्येक वाहिनीवर ठरावीक अंतराने एक ठोका पाठवितो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर 'स्वस्थ राहा', दोनाचा तर 'पूर्ण पुढे', एकाचा तर 'पूर्ण मागे'. दोन्ही नियंत्रकांना हे तीन ठोके एकाच वेळी शिकवून घ्यावे, नाहीतर एक मोटार दुसरीच्या आधी सुटते. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओने बोट चालवून दाखविली, तेव्हा लोकांना ती जादू वाटली. आम्हांस ती अजून थोडी तशीच वाटते.

आता घाटावरच्या दिवसाकडे येतो.

कार्तिक पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर एका रविवारी सकाळी मंडळाची तीसएक माणसे दुर्गाघाटावर जमली. आम्ही काठाजवळच्या झिजलेल्या कोपऱ्यांच्या पायऱ्या निवडल्या होत्या. गाडी चढू लागली. एक, दोन, पाच, नऊ. मुलांनी टाळ्या वाजविल्या. दहाव्या पायरीवर पुढचे चाक दगडाच्या खाचेत अडकले, कन्येने सुकाणू गच्च वळवून धरले, आणि अकस्मात गाडीवरचा दिवा मालवला. गाडी मेली. मेली ती थांबली असती तर बरे होते. ती मागे सरकली आणि मग उताराला लागलेल्या धोंड्यासारखी पायरीमागून पायरी उड्या घेत खाली निघाली. तळाशी एक वृद्ध गृहस्थ अर्घ्य देत उभे होते. आम्ही ओरडलो, परंतु पायांनी हलण्याचे नाकारले. गाडी त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेली, शेजारी ठेवलेल्या त्यांच्या पितळी लोट्यावर आदळली आणि लोट्यासकट गंगेच्या उथळ पाण्यात पडली. गाडी हाती लागली, लोटा गेला. "गंगा मैया ने ले लिया," एवढेच म्हणून त्या भल्या माणसाने हात जोडले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना शोधून नवा लोटा दिला. तो त्यांनी घेतला, परंतु तो हातभर अंतराचा आकडा आमच्या डोळ्यांपुढून हलेना.

घरी येऊन आम्ही गाडी कपाटात ठेवली, कुलूप लावले, किल्ली खिशात घातली. त्या गाडीची प्रत्येक जोडणी आम्ही 'पाहिली, बरोबर आहे' म्हणून मान्य केलेली होती. कोणाच्याही कागदावर शेरा मारताना न डगमगणारे आम्ही, स्वतःच्या शेऱ्यावर मात्र बोलावयास तयार नव्हतो. कन्या आठ दिवस कामापुरतेच बोलली.

नवव्या दिवशी आमच्या फायलीवर एक कागद सापडला. वर लिहिले होते 'लेखापरीक्षण अहवाल'. र्‍हस्वदीर्घाच्या चुका होत्या, 'परीक्षण'ही चुकले होते. परंतु कागद दोन्ही बाजूंनी भरलेला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मराठीत होता. त्यातील मुद्दे तिच्याच आधाराने सांगतो.

मोटारींना बॅटरी लागते तशी रिसीव्हरला आणि सुकाणू वळविणाऱ्या सर्वो यंत्रालाही वीज लागते, पण कमी दाबाची, पाच-सहा व्होल्टची. ही वीज काढून देणारा छोटा भाग प्रत्येक गतिनियंत्रकाच्या पोटातच असतो; त्याला बीईसी म्हणतात. स्वस्त नियंत्रकांतील बीईसी जादा दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. बॅटरी ११.१ व्होल्टची, हवे पाच, म्हणजे ६.१ व्होल्ट जाळावयाचे. खाचेत अडकलेले सर्वो दोन अँपिअर ओढीत असेल तर ६.१ गुणिले २, म्हणजे १२.२ वॅट उष्णता, नखाएवढ्या तुकड्यात. शिवाय नियंत्रक दोन असल्याने बीईसीही दोन, आणि दोघांच्या लाल तारा रिसीव्हरमध्ये एकत्र आलेल्या. दोन बीईसी भार सारखा वाटून घेत नाहीत. ज्याचा दाब केसभर अधिक, सारा बोजा त्याच्यावर. तो तापून बंद पडला, दुसऱ्यावर आला, तोही गेला. रिसीव्हर मेला, नियंत्रकांचा मेंदूही त्याच विजेवर असल्याने तो मेला, मोटारी मोकळ्या झाल्या, आणि गाडी उतारावर सुटली. तळाशी तिने लिहिले होते : 'जबाबदारी – दोघांची. कपाट उघडावे.'

आम्ही कपाट उघडले.

दुरुस्ती तशी अल्प खर्चाची होती. पाच अँपिअर देऊ शकणारा, जादा दाब जाळण्याऐवजी बदलून देणारा एक स्वतंत्र 'स्विचिंग' बीईसी बॅटरीवरून थेट रिसीव्हरला जोडला, सहा व्होल्टवर. दोन्ही गतिनियंत्रकांच्या तीन तारांच्या जोडणीतून मधली लाल तार खिळीसकट काढून तिच्यावर नळी चढविली. येथे एक सावधगिरी आहे : काळी तार काढू नये. ठोका मोजावयाचा तो काळ्या तारेच्या तुलनेतच. ती गेली तर निरोप पोचतो पण त्याचा अर्थ लागत नाही. कन्येने उत्साहाच्या भरात एकदा दोन्ही काढल्या होत्या आणि चाके अंगात आल्यासारखी घुमू लागली होती. मग नियंत्रकांत 'ओढब्रेक' पूर्ण लावला. खटका सोडताच नियंत्रक मोटारीची दोन टोके आपसांत जोडतो. चाक फिरू पाहील तर मोटारच जनित्र होऊन त्याला विरोध करते. उतारावर गाडी सरकलीच तरी इंचाइंचाने. आणि रिसीव्हरला शिकविले की ट्रान्समीटरचा आवाज ऐकू येईनासा झाला तर 'स्वस्थ राहा' हाच ठोका देत राहावयाचे. टेबलावर गाडी उचलून धरून, चाके फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून ही परीक्षा आम्ही वीस वेळा घेतली. त्या वीस वेळांच्या नोंदी आहेत.

बॅटरीविषयी चार शब्द बोलणे भाग आहे, कारण घराघरांत आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. आमची तीन कोषांची, २२०० मिलिअँपिअर-तासांची. प्रत्येक कोष भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवितो; तीनच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. तिच्यातून सरासरी पाच अँपिअर काढले तर २६ मिनिटे चालते. पाचवा हिस्सा शिलकीत ठेवावा, म्हणजे वीस मिनिटांची फेरी झाली. भरताना २.२ अँपिअरपेक्षा अधिक नको, आणि तिन्ही कोष समतोल भरणारा चार्जरच वापरावा. भरत असताना घर सोडून जाऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, मग ती कितीही महाग असो. आठवड्याहून अधिक ठेवावयाची तर कोषामागे ३.८ व्होल्टवर. आमच्याकडे ती वाळू घातलेल्या मातीच्या भांड्यात असते. कुल्हडांच्या या गावात मातीच्या भांड्यांना तोटा नाही. जेठातल्या पंचेचाळीस अंशांत बंद मोटारीत तिला विसरू नका, आणि पौषातल्या थंडीत तिच्याकडून पूर्ण जोराची अपेक्षा करू नका.

काटकसरीचा आदर्श पाहावयाचा तर प्रज्ञान रोव्हरचा. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेली ती २६ किलोंची सहा चाकी गाडी सुमारे ५० वॅटच्या विजेत सारा कारभार करीत होती, आणि सेकंदाला एक सेंटिमीटर चालत होती. आमची अडीच किलोंची गाडी एका पायरीसाठी १०० वॅट सहज ओढते. कन्येला हे सांगितले तर ती म्हणाली, "बाबा, तिथे घाट नाहीत."

पौषात पुन्हा दुर्गाघाटावर गेलो. या वेळी कोणाला बोलाविले नव्हते. फक्त डिझेलकाका, कानटोपी घालून. धुके इतके की पैलतीर दिसत नव्हता. बॅटरी आम्ही कोटाच्या आतल्या खिशात ऊबेला ठेवली होती. खाली, पाण्याच्या बाजूस, आम्ही स्वतः उभे राहिलो. गाडी सुटलीच तर प्रथम आमचे पाय. कन्येने एकवार ट्रान्समीटर बंद करून पाहिला. गाडी चौथ्या पायरीवर जिथल्या तिथे उभी राहिली. मग चढली. दहाव्या पायरीवर त्याच खाचेत चाक अडकले. सुकाणू गच्च वळले, दिवा जळत राहिला. तिने मागची चाके जखडली, पुढची फिरविली, गाडीने तोंड फिरविले आणि खाच मागे पडली. काकांनी कानटोपी काढली. अकरा, बारा, तेरा. आणखी दोन पायऱ्यांवर सपाट ओटा होता.

तेवढ्यात बॅटरीवरची शिट्टी वाजली. कोषाचा दाब साडेतीनवर आला की ती वाजावी असे आम्हीच ठरविले होते. खरे सांगतो, आम्ही खालून 'चालू दे, चालू दे' असे ओरडलो. दोनच पायऱ्या होत्या. तिने खटका सोडला, खाली वाकून जोडणी काढली, गाडी काखेत मारली आणि उरलेल्या पायऱ्या स्वतः चढून गेली. घरी आल्यावर कोष मोजले. ३.७, ३.७ आणि ३.६. अहवालाच्या कागदाखाली तिने ते लिहून ठेवले आहेत, आणि 'परीक्षण' आता दुरुस्त केले आहे.

गाडी बाहेर टेबलावर ठेवलेली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य हात लावून पाहावी. मात्र बॅटरी तिला विचारल्याशिवाय कोणी जोडू नये. आम्हांलाही तोच नियम आहे.